मालवणच्या निवास-न्याहारी आणि आंबा विक्रीच्या साइटचं ऑडिट: कुठून सुरुवात करू, दर कसा सांगू?

वेंगुर्ल्याचा_वारा विचारतात:

डिझाइनचं काम येतं, पण फक्त ऑडिटचं काम पहिल्यांदाच आलंय. साइट वर्डप्रेसवर, मराठी आणि इंग्रजी मिळून साधारण १४० पानं. तारकर्लीजवळ चार खोल्यांचं निवास-न्याहारी, मासळीची थाळी, स्कूबा आणि डॉल्फिनच्या फेऱ्या जोडून देणं, वर हापूसच्या पेट्या, आगळ, मालवणी मसाला. मेन्यूत ११ गोष्टी: मुख्यपान, आमच्याविषयी, सेवा, उत्पादने, पॅकेजेस, गॅलरी असं बरंच काही. मालकांचं म्हणणं, "लोक साइट बघतात आणि शेवटी फोनच करतात." त्यांना रचना आणि वापरसुलभता दोन्ही तपासून हवी आहे, शिवाय "१०० पैकी किती गुण" तेही हवंय. कामाचा क्रम कसा लावू, चाचणी किती जणांवर घेऊ, हातात काय देऊ आणि पैसे कशाच्या हिशेबाने सांगू?

---

कातळावरचा_कोरक्या:

मेन्यूला आत्ता हात लावू नका. आधी मोजदाद. स्क्रीमिंग फ्रॉग (साइटवरचे सगळे दुवे फिरून यादी काढणारं सॉफ्टवेअर) फुकट ५०० पत्त्यांपर्यंत (यूआरएल) चालतो, पण त्यात चित्रं आणि स्क्रिप्टही मोजल्या जातात. गॅलरी मोठी असेल तर पानं संपायच्या आधी ५०० भरतात, म्हणून वर्डप्रेसच्या साइटमॅपमधली यादी वेगळी काढून ताडून पाहा. तक्त्यात प्रत्येक पानासमोर पत्ता, शीर्षक, भाषा, कुठल्या साच्यातलं (टेम्प्लेट), शेवटचा बदल आणि निर्णय: ठेवा, जोडा, नव्याने लिहा, काढा. चार वर्षांपूर्वीचा पेटीचा भाव अजून एखाद्या पानावर जिवंत असतो, तो इथेच सापडतो.

मग सर्च कन्सोल, म्हणजे लोक गुगलवर काय शोधून साइटवर येतात ते दाखवणारं गुगलचंच साधन. तिथे १६ महिन्यांची माहिती मिळते, पण उघडल्या उघडल्या दिसणारा छोटा कालावधी घेऊन बसू नका. या धंद्याला दोन हंगाम आहेत. फेब्रुवारी ते मे वेगळा काढा, ऑक्टोबर ते जानेवारी वेगळा. एकत्र सरासरी काढली की आंबा खोल्यांना झाकून टाकतो. एका वेळी १००० ओळीच उतरतात, त्यामुळे मराठी आणि इंग्रजी पानांची गाळणी लावून वेगवेगळ्या उतरवा.

खरा खजिना मात्र मालकांच्या व्हॉट्सॲपवर असतो. मागचे २०० प्रश्न नावं-नंबर काढून त्यांच्याकडूनच मागून घ्या आणि ढीग करा. "शनिवारी रूम आहे का", "कुडाळला उतरू की कणकवलीला", "पेटीत किती डझन", "पार्सल पुण्याला येतं का", "शाकाहारी जेवण मिळेल का". आता हे ढीग ११ गोष्टींच्या मेन्यूशेजारी ठेवून बघा. "सेवा" आणि "उत्पादने" हे मालकाच्या हिशेबवहीतले रकाने आहेत. पाहुणा "सेवा" शोधत येत नाही, तो खोली, जेवण, रस्ता आणि आंबा शोधतो. "पॅकेजेस"मध्ये खोली आहे की स्कूबा, हे उघडल्याशिवाय कळत नाही. लोक फोन करतात त्याचं कारण बहुधा हेच निघेल.

यानंतर कार्ड सॉर्टिंग, म्हणजे साइटवरचे विषय कार्डांवर लिहून लोकांना त्यांचे गट करायला सांगणं: ३० ते ४० कार्डं, १५ माणसं, गटांची नावं त्यांनीच द्यायची. यात हमखास फसतं ते कार्डांवरच्या शब्दांमुळे. "मालवणी मसाला", "मालवणी थाळी", "मालवणी पद्धतीचं घर" अशी कार्डं दिलीत की लोक अर्थ न बघता "मालवणी" नावाचा ढीग करतात आणि तुम्हाला वाटतं रचना सापडली. समान शब्द काढून टाका: "वाटपाचा मसाला", "सुरमईची थाळी", "कौलारू घरातली खोली".

नवी रचना कागदावर आली की ट्री टेस्ट, म्हणजे नुसत्या मेन्यूच्या झाडात लोकांना हवी ती गोष्ट सापडते का ते बघणं. रंग नाही, फोटो नाही, फक्त फांद्या. ८ ते १० कामं पुरेत, त्याहून जास्त दिली तर माणसाला झाड पाठ होतं. आणि कामाच्या वाक्यात मेन्यूतला शब्द येऊ देऊ नका. "आंबा पेटी" अशी फांदी असेल तर "मे महिन्यात ठाण्याच्या मावशीकडे फळ पाठवायचं आहे" असं लिहा. पहिली टिचकी कुठे पडली ते नोंदवा, शेवटच्या उत्तरापेक्षा ती जास्त बोलते.

---

खाडीपलीकडचा:

चाचणीच्या माणसांबद्दल. "पाच जण पुरेत" हे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांचं २०००चं म्हणणं सगळे सांगतात, त्यामागची अट कोणी सांगत नाही. एका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं तर पाच जणांत ८४-८५ टक्के येतात. पण ते पाच एकाच प्रकारचे वापरणारे हवेत. तुमच्याकडे दोन प्रकार आहेत: राहायला येणारे आणि घरबसल्या पेटी मागवणारे. म्हणून ४ अधिक ४. चार जणांत हिशेब ७७ टक्क्यांवर येतो, पहिल्या फेरीला तेवढं चालतं. मालकांचे नातेवाईक घेऊ नका, त्यांना सगळं आधीच माहीत असतं.

प्रत्येकी ४० मिनिटं, त्यांच्याच फोनवर, वायफाय बंद ठेवून. दिवसाला चारच. पाचव्याला तुमचंच लक्ष उडतं. कामं अशी द्या: "पुढच्या शनिवारी दोघांसाठी खोली हवी, एकजण मासे खात नाही. एकूण किती खर्च येईल ते सांगा." "तुम्ही रेल्वेने येताय. कुठल्या स्टेशनावर उतराल, पुढे कसे जाल?" "दोन पेट्या दोन वेगळ्या पत्त्यांवर पाठवायच्या आहेत." माणूस अडकून "आता काय दाबू?" म्हणाला की उत्तर द्यायचं नाही. "मी इथे नसतो तर काय केलं असतंत?" एवढंच.

आगाऊ रक्कम भरायच्या पायरीवर डोळा ठेवा. क्यूआर स्कॅन केल्यावर घराच्या नावाऐवजी भलत्याच व्यक्तीचं नाव दिसलं की लोक थांबतात आणि खात्री करायला फोन लावतात. याला डिझाइनचा दोष म्हणून नोंदवू नका. खातं कोणाच्या नावावर आहे ते पैसे भरायच्या आधीच्या ओळीत लिहिलं की काम भागतं.

"कसे याल" हे पान वेगळं तपासा. ते वाचलं जातं कोकण रेल्वेच्या डब्यात, बोगद्यांच्या मधल्या दोन मिनिटांच्या रेंजमध्ये, किंवा घाटात. पत्ता चित्रात असेल किंवा नकाशा उघडल्याशिवाय दिसत नसेल तर ते पान निरुपयोगी. स्टेशनचं नाव, अंतर, रिक्षाचा अंदाज आणि फोन साध्या मजकुरात, सगळ्यात वर.

---

रफार_आणि_रुकार:

मराठीच्या भानगडी कोणत्याच तयार तपासयादीत नसतात, म्हणून लिहितो.

पानांचे पत्ते: देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की बहुतेक ठिकाणी तो टक्केचिन्हांच्या साखळीत बदलतो. एका देवनागरी चिन्हाची ९ अक्षरं होतात. "मालवण-मुक्काम" एवढ्याची १०९. व्हॉट्सॲपवर असा दुवा बघून माणसाला तो फसवणुकीचा वाटतो. पत्ता रोमन लिपीत ठेवा, शीर्षक मराठीत.

साइटवरचा शोध: "किनाऱ्यावर" मधला "ऱ्य" दोन तऱ्हेने टाइप होतो, नुक्त्याच्या र ने किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. डोळ्याला दोन्ही एकच, यंत्राला वेगळे, आणि युनिकोडच्या (संगणकावरच्या लिप्यांच्या मानकाच्या) प्रमाणित सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायच्या नियमानेही, ते एक होत नाहीत. शोध बांधणाऱ्याने स्वतः बदलून घ्यावं लागतं. "दऱ्या", "सुपाऱ्या", "फेऱ्या" दोन्ही प्रकारांनी टाकून बघा.

आकडे: फोन नंबर "९४..." असा देवनागरीत असेल तर फोन तो आपोआप ओळखेलच असं नाही. दिसायला देवनागरी ठेवा, पण मागे डायलचा दुवा जोडा. उलट बाजूने, पिनकोडच्या रकान्यात कुणी देवनागरी आकडे टाकले तर फॉर्म "चुकीचा पिनकोड" म्हणतो का, तेही पाहा.

ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पट असेल तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात किंवा भिडतात, १.५ ते १.६ ठेवायला सांगा. पानाची भाषा मराठी अशी नोंदवलेली नसेल तर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. आणि भाषा बदलायचं बटण: बहुतेक साइटवर ते मुख्यपानावर फेकतं. त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेतल्या रूपाकडे नेलं पाहिजे.

रंगभेद आणि बटणं डब्ल्यूसीएजी २.२ (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) प्रमाणे मोजा: साध्या मजकुराला ४.५:१, दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल. समुद्राच्या फोटोवर पांढरी अक्षरं हा तर किनारपट्टीवरच्या साइटींचा राष्ट्रीय खेळच आहे.

---

हिशेबी_सुरंगी:

पैशाचं बोलू. पानांवर दर लावू नका. १४० पानं म्हणजे प्रत्यक्षात सात-आठ साचे, वेळ त्या साच्यांवर जातो. दिवस मोजा: मोजदाद १, सर्च कन्सोल आणि व्हॉट्सॲप १, नील्सनच्या वापरसुलभतेच्या १० निकषांवर स्वतःची तपासणी १, कार्ड आणि ट्री मिळून २, चाचण्या २, विश्लेषण दीड, अहवाल दीड, बैठक अर्धा. साडेदहा दिवस. त्याला तुमच्या रोजच्या दराने गुणा. माणसं जमवायचा खर्च आणि त्यांचं मानधन वेगळी ओळ.

मालकांना आकडा मोठा वाटला तर दर कमी करू नका, काम कमी करा. कार्ड सॉर्टिंग काढा, चाचण्या ठेवा.

करारात लिहाच: ऑडिट म्हणजे दुरुस्ती नाही; एकच बैठक; अहवालानंतर १५ दिवस शंकांना उत्तरं. अर्धे आगाऊ, अर्धे अहवाल देताना. "सुधारणा दिसल्या की देतो" याला हो म्हणू नका, सुधारणा करणं तुमच्या हातात नाही. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) कामाच्या आधी करून ठेवा. लेखी करार असला तरी सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी घेतलेली नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही. वर्डप्रेसचा मालकाचा पासवर्ड घेऊ नका, सर्च कन्सोलला फक्त बघण्याचा हक्क मागा.

अहवाल ६० पानी केलात तर कोणी वाचणार नाही. पहिल्या पानावर पाच गोष्टी. मागे तक्ता: अडचण, कुठे, किती जण अडकले, गांभीर्य ० ते ४ (४ म्हणजे सगळ्यात गंभीर), उपाय, कोण करणार: मालक, मजकूर लिहिणारा की डेव्हलपर. हा शेवटचा रकाना नसला की अहवाल फडताळात जातो.

---

वेंगुर्ल्याचा_वारा:

देव बरे करो सगळ्यांना. गुणांचं राहिलं. एसयूएस (वापरणाऱ्यांच्या उत्तरांवरून वापरसुलभतेला १०० पैकी गुण देणारी प्रश्नावली) चालेल का? आणि पत्ते रोमन करायचे म्हणजे जुने दुवे मोडणार ना?

---

खाडीपलीकडचा:

एसयूएसचे १० प्रश्न, सरासरी ६८ धरतात. पण ते टक्के नव्हेत, आणि आठ जणांवर काढलेला आकडा पुढच्या आठ जणांत सहज इकडेतिकडे होतो. मालकांना "आठपैकी तिघांनाच खोलीचा एकूण खर्च सापडला" असं सांगता आलं तर ते सांगा. दुरुस्तीनंतर तेच काम पुन्हा द्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

---

कातळावरचा_कोरक्या:

दुवे मोडत नाहीत, प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ (येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारं कायमचं वळण) लावायचा. एकास एक. सगळे मुख्यपानावर वळवले तर ते हरवल्यासारखेच. किमान वर्षभर ठेवा. साखळी होऊ देऊ नका: जुना, मधला, नवा असं न करता थेट जुन्यावरून नव्यावर.

फक्त वेळ सांभाळा. मार्च-एप्रिलमध्ये पत्ते बदलले तर शोधात स्थिरावेपर्यंत काही आठवडे जातात आणि तेच पेट्यांचे आठवडे असतात. जूनमध्ये पाऊस लागला, पाण्यातले खेळ बंद झाले, पेट्या संपल्या की करा. दिवाळीच्या बुकिंगपर्यंत सगळं जागेवर बसतं. अहवाल फेब्रुवारीत दिलात तरी "हे काम जूनमध्ये" असं त्या ओळीसमोरच लिहून ठेवा, नाहीतर उत्साहात दुसऱ्याच दिवशी करून मोकळे होतील.