विषय: फेब्रुवारीचा कार्यक्रम आणि व्हिव्हियन थॉमस

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,
हॉल मिळाला नाही म्हणून तिळगूळ समारंभ यंदा फेब्रुवारीत होतोय. इथे अमेरिकेत हा महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा. मराठी शाळेच्या मुलांनी त्यावर काही सादर करावं असं ठरलंय. वेळ पंधरा मिनिटं. विषय कळवा.

---

प्रेषक: एक आई, बाल्टिमोर

मला व्हिव्हियन थॉमस यांच्याबद्दल बोलायचंय.

आमचा मुलगा जन्मला तेव्हा तुम्ही आळीपाळीने डबे पोचवले होते, आठवत असेल. रडला की त्याचे ओठ आणि नखं निळी पडायची. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आणि हृदयाच्या पडद्याला भोक. दहाव्या दिवशी त्याला शंट घातला: हाताकडे जाणाऱ्या रोहिणीपासून फुप्फुसाच्या रोहिणीपर्यंत साडेतीन मिलिमीटरची नळी. फाइलवर लिहिलं होतं ‘बी-टी शंट’. म्हणजे काय, असं मी रात्रपाळीच्या नर्सला विचारलं. बी म्हणजे सर्जन ब्लालॉक, टी म्हणजे बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग, असं सांगून तिने खिशातलं पेन काढलं आणि मध्ये आणखी एक ‘टी’ लिहिला. मग खुर्ची ओढून बसली आणि त्या ‘टी’बद्दल सांगत राहिली. त्यानंतर मिळेल ते मी वाचत गेले.

थॉमस नॅशव्हिलमध्ये वाढले, सुतारकाम शिकले. डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवले होते, ते मंदीत बँक बुडाली तेव्हा गेले. १९३० साली तिथल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लालॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधनाचं, पण कागदोपत्री हुद्दा आणि पगार सफाई कामगाराचा. १९४१ मध्ये ब्लालॉक इथे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलला आले ते थॉमस यांना घेऊनच.

निळ्या पडणाऱ्या बाळांच्या फुप्फुसात जास्त रक्त कसं नेता येईल, हा प्रश्न टॉसिगबाईंचा. उत्तरासाठी आधी कुत्र्यांमध्ये तसाच दोष निर्माण करायचा आणि मग तो दुरुस्त करून दाखवायचा. सुमारे २०० कुत्र्यांवर थॉमस हे करत राहिले. इतक्या नाजूक रक्तवाहिन्या शिवायला सुया मिळत नव्हत्या, म्हणून होत्या त्या तोडून, घासून त्यांनी लहान केल्या. सुताराचा हात तिथे कामी आला असं मला नेहमी वाटतं.

२९ नोव्हेंबर १९४४ ला पंधरा महिन्यांच्या आयलीन सॅक्सनवर पहिली शस्त्रक्रिया झाली. ही शस्त्रक्रिया खरी हातात बसलेली थॉमस यांच्या, म्हणून ब्लालॉकनी त्यांना आपल्या मागे स्टुलावर उभं केलं. खांद्यावरून बघत टाका कुठे, कसा पडायला हवा ते थॉमस सांगत होते. आयलीन फार जगली नाही, पण त्या रस्त्याने पुढे हजारो मुलं वाचली. १९४५ मध्ये शोधनिबंध छापून आला, त्यात थॉमस यांचं नाव कुठेही नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. दिवसा ते डॉक्टरांना शिकवत, आणि घरखर्च भागावा म्हणून ब्लालॉक यांच्या मेजवान्यांत त्याच डॉक्टरांचे पेले भरत. १९७१ साली त्यांनी घडवलेल्या सर्जननी त्यांचं तैलचित्र हॉपकिन्सला दिलं. १९७६ मध्ये मानद डॉक्टरेट मिळाली, तीही कायद्याची! १९८५ मध्ये ते गेले.

---

प्रेषक: कोलंबियाचे काका

ताई, गलबलून आलं वाचून. तरी एक सुचवतो: मलिक अंबर का नको? इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा वजीर होतो, मोगलांना वर्षानुवर्षं थोपवून धरतो, खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवतो, डोंगरातलं पाणी भुयारी नहरीने शहरात आणतो. माझं बालपण त्याच शहरात गेलं. शाळेत आम्हाला त्याच्यावर एकच परिच्छेद होता.

---

प्रेषक: एक आई, बाल्टिमोर

काका, तुम्ही अंबरवर बोलाच, ते दुसऱ्या कुणाला तुमच्याइतकं जमणार नाही. पण थॉमस यांना वगळू नका. आपली पोरं याच शहरात जन्मली, त्या हॉस्पिटलवरून रोज शाळेत जातात. मी मुलांना विचारून पाहिलं, एकालाही नाव माहीत नव्हतं.

---

प्रेषक: मराठी शाळा, चौथीचा वर्ग

मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. एकीने विचारलं, “पेपरमध्ये नाव नाही, हे त्यांना कधी कळलं असेल?” मला उत्तर देता आलं नाही. तोच प्रश्न घेऊन मुलं छोटा प्रवेश बसवताहेत. दोन पायऱ्यांचं स्टूल कुणाकडे आहे का?

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

पंधराची पंचवीस मिनिटं करतोय, त्यातली दहा काकांची. ताई, पत्रिकेत शस्त्रक्रियेचं नाव काय छापायचं?

---

प्रेषक: एक आई, बाल्टिमोर

ब्लालॉक-थॉमस-टॉसिग शंट. पूर्ण छापा, जागा कमी पडली तर माझं नाव काढा. स्टूल माझ्याकडे आहे, रविवारी आणते.