वडलांचं पुस्तक जुन्या फॉन्टमध्ये अडकलंय, ई-बुक करावं की परत छापावं?

मिलवाल्याचा_मुलगा

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट सांगितलं की सल्लेपण अर्धवट मिळतात.

आमच्या अण्णांनी २००३ साली एक पुस्तक काढलं होतं, गिरणीतल्या आठवणींचं. आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये होते (१८७७ ची ती, इथली पहिली) आणि अण्णा नंतर दुसऱ्या एका गिरणीत मागखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. पुस्तकात भोंगा आहे, बदली कामगार आहेत, जॉबरची म्हणजे मुकादमाची मिजास आहे, पगाराच्या दिवशी गेटवर येऊन उभे राहणारे सावकार आहेत, आणि चाळीतली तेलुगू कन्नड दखनी मराठी अशी सगळी मिसळलेली बोली जशीच्या तशी उतरवलीय. ५०० प्रती काढल्या होत्या, त्या कधीच संपल्या. आता घरात एकच प्रत राहिलीय आणि तिचीपण पानं सुटायला लागलीत. लोकं अजून विचारतात हो, परवा तर विद्यापीठातली एक मुलगी अभ्यासासाठी म्हणून शोधत घरापर्यंत आली, तिला झेरॉक्स काढून द्यावी लागली.

ज्या प्रेसमध्ये छापलं ती बंद पडली. त्यांनी तेव्हा एक सीडी दिली होती. आमच्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्हच नाही, म्हणून नवी पेठेतल्या एका दुकानातून पेनड्राइव्हवर घेऊन आलो. त्यात पेजमेकरची (पुस्तकाची पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची) फाईल आहे ती कशातच उघडंना, आणि एक पीडीएफ आहे ती छान दिसते. पण त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याचं चिन्ह असलं काहीतरी आलं. धाकटा भाऊ पुण्यात असतो, तो म्हणतो आहे ती पीडीएफच किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरवर टाक, विषय संपला. इथला एक प्रेसवाला म्हणतो सगळं पुस्तक परत टाईप करावं लागेल, आणि त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी गप्प घरी आलो.

अजून एक. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पेपर भिंग घेऊन वाचतात, मोबाईल बघितला की डोळ्यातनं पाणी येतं. सकाळी ओट्यावर उन्हात बसून वाचायची सवय आहे. त्यांना ते ई-रीडर का काय ते घेऊन द्यावं का टॅब घ्यावा? स्वतःचं पुस्तक मोठ्या अक्षरात त्यांना परत वाचता यावं एवढीच माझी इच्छा आहे, बाकी विक्री वगैरे नंतर बघू.

खिळे_ते_कीबोर्ड

दादा, आधी हे पक्कं समजून घ्या की तुमच्या फाईलीत मराठी साठवलेलंच नाही. मी पेजमेकरच्या काळापासून डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम करतोय, ह्या फाईली रोज माझ्याकडं येतात, म्हणून सांगतो.

त्या काळात सगळी मराठी पुस्तकं श्री-लिपी, आयएसएम, कृतीदेव असल्या फॉन्टांवर व्हायची. ह्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेलं असायचं. कॉम्प्युटरला वाटतं त्याच्याकडं इंग्रजी अक्षर आहे, फॉन्ट लावला की आपल्याला 'क' दिसतो, फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरलेला असतो म्हणून ती नीट दिसते, पण त्यात 'भोंगा' शोधून बघा, एकदाही सापडणार नाही. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर आहे, म्हणून ते कुठल्याही फोनवर, कुठल्याही फॉन्टात मराठीच राहतं. पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं, आणि त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची, त्यानंतर अडोबीनं ते पुढं नेलंच नाही.

तर किंडल का कागद हा प्रश्न नंतरचा. पहिलं काम म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणं. ते एकदा झालं की त्याच मजकुरातनं ई-बुक होतं, छपाई होते, मोठ्या अक्षरातली प्रत होते, उद्या कुणाला ऐकायचं असेल तर फोन वाचूनपण दाखवतो. नाही झालं तर जे काही कराल ते परत एकदा करावं लागणार.

सगळं टाईप करायची गरज नाही. फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात, त्यात तुमच्या फाईलीतला नेमका फॉन्ट कुठला हे माहीत पाहिजे, कारण श्री-लिपीतच वेगवेगळ्या मांडणीचे फॉन्ट आहेत, एकाचं कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. पीडीएफ उघडून प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टचा टॅब बघा, तिथं नाव आणि नंबर दिसेल, तो लिहून घ्या.

आता कन्व्हर्टर कुठं मार खातं ते सांगतो, कारण ह्याच जागा प्रूफ बघताना पकडायच्यात. जुन्या फॉन्टात जसं दिसतं त्या क्रमानं टाईप करायचे, म्हणजे 'गिरणी' मधली पहिली वेलांटी 'ग' च्या आधी. युनिकोडमध्ये ती 'ग' च्या नंतर लागते. रफाराचं बरोब्बर उलटं. साध्या अक्षराला हे जमतं, पण 'स्थिती' सारखं जोडाक्षर आलं की वेलांटी मधेच कुठंतरी लटकते. दुसरं म्हणजे 'दुसऱ्या', 'वाऱ्या', 'तऱ्हा' मधला तो आडवा र, तो बऱ्याचदा साधा रफार होऊन येतो आणि 'दुसर्या' असं काहीतरी होतं. तिसरं 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला स्वतंत्र आलं, त्याच्या आधी अ वर चंद्र ठेवून भागवायचे. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरला वेगळे, एकानं शोधलं तर दुसरं सापडत नाही. सगळ्या पुस्तकात एकच ठेवा.

फॉन्टचा पत्ताच लागला नाही तर छापील पानं ३०० डीपीआयला स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा, ते चित्रातली मराठी ओळखून टाईप करून देतं. स्वच्छ पान असेल तर निकाल चांगला येतो. पण तुमच्या अण्णांचं पुस्तक बोलीतलं आहे ना, तिथं जपा. धोटा, कांडी, बदली असले गिरणीतले शब्द, चाळीतले तेलुगू शब्द, हे सगळं ह्या यंत्रणा ओळखीच्या शब्दाकडं ओढून नेतात. 'धोटा' चा 'छोटा' झाला तर वाचताना डोळा पुढं सरकून जातो, कळतपण नाही. प्रूफ अण्णांनीच बघायला पाहिजे, किंवा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि मूळ प्रत समोर ठेवा. ह्यात घाई करू नका, पुस्तकाचा जीव त्या शब्दांतच आहे.

वाचणारी_बाई

डीटीपीवाल्या दादांनी फाईलीचं सगळं सांगितलंय, मी फक्त अण्णांच्या डोळ्यांचं आणि यंत्राचं बोलते. माझ्या सासूबाई ई-रीडरवर वाचतात, त्यांचीपण ऑपरेशनं झालीत.

टॅब नको. टॅबचा आणि मोबाईलचा पडदा मागून प्रकाश सोडतो, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात ओट्यावर बसलं की पडद्यावर स्वतःचं तोंडच दिसतं. ई-रीडरचा पडदा ई-इंकचा असतो, त्यात बारीक काळे आणि पांढरे कण असतात आणि विजेच्या झटक्यानं ते वरखाली होतात. एकदा पान उमटलं की ते धरून ठेवायला वीज लागत नाही, म्हणून चार्जिंग कितीतरी दिवस पुरतं. आणि ऊन जितकं जास्त तितकं ते कागदासारखं स्पष्ट दिसतं. संध्याकाळी वाचायला समोरून पडणारा मंद प्रकाश असतो, तो कमी जास्त करता येतो. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून मिळतात, बाहेरची फाईलपण टाकता येते, आता ते ईपब (ई-बुकच्या फाईलीचा प्रकार) घेतं.

पण भावाचं ऐकून ती पीडीएफ टाकू नका हो. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा, डेमी साईजचं अख्खं पान सहा इंचात बसवलं की मुंगीएवढी अक्षरं होतात, मोठं करावं तर प्रत्येक ओळीला पान डावीकडं उजवीकडं सरकवत बसायचं. सासूबाईंनी असली एक पीडीएफ दोन पानांत सोडून दिली. ईपब असेल तर अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्यानं जुळतात. अण्णांना नेमकं हेच पाहिजे.

ओळीतलं अंतरपण वाढवून द्या. वर मात्रा, रफार आणि खाली उकार, अंतर कमी असलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना तिथंच त्रास होतो. पहिल्या दिवशी फक्त पान उलटायचं शिकवा, बाकी सेटिंग तुम्हीच करून ठेवा. दुकानात जाऊन त्यांच्या हातात देऊन बघता आलं तर फारच चांगलं, वजन पेलतंय का तेपण कळतं.

सात_रस्ता

माझं मत जरा वेगळं आहे. अण्णांसाठी यंत्र घ्या, पण पुस्तक कुणी वाचावं असं वाटतं त्याचा पण विचार करा. गिरणीत काम केलेल्या माणसांच्या घरात ई-रीडर नाहीत, तिथं मोबाईल आहे आणि तोपण नातवाचा. त्या लोकांपर्यंत जायचं असेल तर अण्णांच्या आवाजात रेकॉर्ड करा बे! दररोज एक प्रकरण, पंखा बंद करून, फोन जवळ ठेवून. मराठीत ऐकणारे आता भरपूर आहेत, स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप २०१७ ला भारतात आलं तेव्हापासून मराठी त्यात आहेच. आणि ती बोली कागदावर जेवढी उतरते त्याच्यापेक्षा आवाजात जास्त उतरते. भोंगा झाला की गल्लीतनं लोकं कशी हाका मारत निघायची हे अण्णाच बोलून दाखवू शकतात, टाईप करून ते कसं येणार.

खिळे_ते_कीबोर्ड

आवाजाचं पटलं, नक्की करा, आणि ते काम आधी करा, टायपिंग पुढंमागं झालं तर चालतं. पण आवाज हा मजकुराच्या ऐवजी नाही चालणार. विद्यापीठातल्या त्या मुलीला उद्या जॉबरबद्दल काय लिहिलंय ते शोधायचं असेल तर तिला शोधता येणारा मजकूरच लागणार, आणि पान नंबर देता यावा म्हणून कागदावरचं पुस्तकपण लागणार.

मिलवाल्याचा_मुलगा

सगळ्यांचे मनापासून आभार. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये बघितलं, श्री-देव आणि पुढं नंबर असं दिसतंय, दोन वेगवेगळे नंबर आहेत. अण्णांना रेकॉर्डिंगचं सांगितलं तर ते लगेच पहिल्या प्रकरणाला काय काय राहून गेलंय ते सांगत बसले. आता एवढंच सांगा, ई-बुक आणि थोड्या छापील प्रती असं दोन्ही करायचं ठरलं तर कुठनं सुरुवात करू, आणि परत ५०० काढाव्या लागतील का?

खिळे_ते_कीबोर्ड

५०० ची सक्ती ऑफसेटमुळं होती. प्लेटचा खर्च पाच प्रती काढा नाहीतर पाचशे, तेवढाच, म्हणून जास्त काढल्या की प्रत स्वस्त पडायची. आता डिजिटल छपाईत प्लेटच नाही, पन्नास काढा, संपल्या की परत पन्नास. एका प्रतीला पैसे जास्त पडतात, पण गठ्ठे पलंगाखाली ठेवावे लागत नाहीत. पानं १६ च्या पटीत बसतात का बघा, आणि बाइंडिंगला शिवण घालायला सांगा. नुसत्या गोंदावरचं बाइंडिंग आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुटतं, तुमच्या प्रतीचं बहुतेक तेच झालंय.

मजकूर तयार झाला की इनडिझाइनमध्ये (आता पानं लावायला वापरतात ते सॉफ्टवेअर) लावणाऱ्याला वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग चालू करायला सांगा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. ई-बुकसाठी लिबरऑफिस रायटरमधनं ईपब थेट निघतं, फुकट आहे. तपासायला कॅलिबर घ्या, तेपण फुकट, कोविद गोयल ह्या आपल्या माणसानं २००६ पासून उभं केलेलं. फाईलीत भाषा मराठी अशी नोंदवायला विसरू नका, नाहीतर कित्येक फॉन्ट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवतात आणि मराठी पुस्तक परकं दिसतं. फॉन्ट फुकटातले चांगले आहेत, मुंबईच्या एक टाईपचा मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी, दोन्ही छपाईला वापरायची मोकळीक आहे. मी असतो तर पुस्तकाला तिरो घेतला असता, जुन्या छापील मराठीचं वळण आहे त्याला.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडं ऑनलाईन अर्ज करायचा, कागदाला वेगळा आणि ई-बुकला वेगळा. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ॲमेझॉनच्या केडीपीवर (स्वतःच ई-बुक प्रकाशित करायची सोय) मराठी ई-बुक चढवता येतं, पण तिथं केडीपी सिलेक्ट ह्या योजनेला टिक करायच्या आधी अट वाचा, ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडं कुठंही ठेवता येत नाही, फुकटसुद्धा नाही. तुम्हाला लोकांपर्यंत जायचं असेल तर ती टिक करू नका. आणि छापल्यावर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवा, १९५४ चा कायदाच आहे तसा, शिवाय तिथं पुस्तक जपलं जातं. हिराचंद नेमचंद वाचनालयात पण एक द्या.

दोन नंबर दिसतायत म्हणजे बहुतेक मजकूर एका फॉन्टात आणि मथळे दुसऱ्यात असणार, दोन्ही वेगवेगळे कन्व्हर्ट करायचे. माझ्याकडं कन्व्हर्ट करायला येणार असाल तर पेनड्राइव्हबरोबर ती छापील प्रत पण घेऊन या. त्या काळात शेवटच्या दुरुस्त्या फाईलीत न करता बटर पेपरवर अक्षर कापून चिकटवायचे, त्यामुळं फाईल आणि छापलेलं पान यात फरक निघतो, आणि खरं मानायचं ते पान.