२१०० आरपीएमला केबिन घुमतंय, उपाय काय?

खानापूरकर:
डिझेल थार, २.२ इंजिन, हार्डटॉप. मूळ सायलेन्सर सडला म्हणून अडीच इंची पाइप आणि आरपार नळीचा सायलेन्सर बसवलाय. गावात त्रास नाही, पण निपाणी हायवेला टॉप गिअरमध्ये २००० ते २२०० आरपीएमला केबिन इतकं घुमतं की मागच्या सीटवरचं बोलणं ऐकू येत नाही. २५०० ला शांत. चोर्ला, कणकुंबीकडे पाण्यातून जावं लागतं, त्यामुळे खाली लोंबणारं काही नको.

उद्यमबाग_फिटर:
आधी आवाज सायलेन्सरचाच आहे ना, ते बघा. त्याच स्पीडला एक गिअर खाली घ्या. घुमणं तसंच राहिलं तर टायर नाहीतर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांकडे फिरणारा दांडा). गेलं तर एक्झॉस्ट.

मग गाडी थंड असताना पाइप हाताने हलवून बघा. क्रॉसमेंबरला (चासिसच्या आडव्या पट्टीला) कुठेच लागता कामा नये, १५ मिमी तरी फट हवी. हँगर, म्हणजे पाइप टांगायचे आधार, रबराचेच हवेत. बरेच वेल्डर ब्रॅकेट थेट चासिसला मारतात आणि सगळी थरथर बॉडीत उतरते. निम्म्या गाड्यांचं दुखणं इथंच असतं.

चोर्ला_फोर_बाय_फोर:
हँगर ठीक असतील तर दोष आरपार नळीचा. तिच्याभोवती भरलेली आवाज शोषणारी लोकर बारीक, तीव्र आवाज खाते, जाड आवाज सोडून देते. चार सिलिंडरला आरपीएम भागिले ३० म्हणजे स्फोटांची वारंवारता: २१०० ला ७० हर्ट्झ. केबिन नेमकं तिथंच घुमतं.

सोपा उपाय म्हणजे कप्पेवाला मूळ सायलेन्सर परत घाला. टर्बो डिझेलला आरपार नळीने हाती फारसं लागत नाही, त्यामुळे माझं मत हेच. तो नको असेल तर जे-पाइप, म्हणजे मुख्य पाइपला टी (T आकाराचा सांधा) मारून जोडलेला, दुसरं तोंड बंद असलेला पाइप. लाट त्यात जाऊन येईपर्यंत अर्धं आवर्तन होतं, दाब उलटा पडतो आणि आवाज मरतो. लांबी पाव तरंगलांबीएवढी. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४४० मीटर धरला तर ४४० ÷ (४ × ७०) = १.५७ मीटर, मधल्या रेषेवर मोजून. व्यास मुख्य पाइपएवढाच. यू-बेंड देऊन दुमडला तरी चालतो.

टी डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) मागे, सायलेन्सरच्या आधी मारा. शेपटाच्या टोकाजवळ मारलात तर पैसे वाया, कारण उघड्या तोंडापाशी दाबाची चढउतारच नसते.

खानापूरकर:
लांबी चुकली तर? आणि पाणी?

चोर्ला_फोर_बाय_फोर:
वायूचं तापमान गाडीगणिक वेगळं, म्हणून १.७ मीटरपासून सुरुवात करा आणि टोपण क्लॅम्पवर ठेवा, वेल्ड नको. हायवेला कोणत्या आरपीएमला शांत होतं ते बघा. २१०० च्या खाली शांत होत असेल तर पाइप लांब आहे. १० सेंमी कापलं की साधारण १४० आरपीएमने वर सरकतं. एका वेळी ३ सेंमीच कापा.

उद्यमबाग_फिटर:
पाण्यासाठी बंद टोक टीपेक्षा वर ठेवा, म्हणजे साचलेलं मुख्य पाइपमध्ये उतरेल. उलटा उतार दिला तर पाणी टोकाला साचतं, लांबी बदलते आणि पाइप आतून गंजतो. चासिस रेलच्या आतल्या बाजूला, क्रॉसमेंबरच्या वर बसवा. ब्रेक लाइन आणि वायरिंगपासून लांब, मध्ये हीट शील्ड हवंच, कारण डीपीएफ साफ होताना पाइप भयंकर तापतो. डीपीएफला मात्र हात लावू देऊ नका, ते बेकायदा आहे. फोम चिकटवून ७० हर्ट्झ थांबत नाही, त्यात पैसे घालू नका.