शार्प पोर्ट्रेटसाठी ट्रायपॉड खरंच लागतो का?

माटुंगेकर: पोर्ट्रेट मऊ, म्हणजे धूसर आलं की सल्ला ठरलेला: ट्रायपॉड घे. मला हे पटत नाही. फोटो १०० टक्के मोठा करून बघा. पापण्या धूसर आणि कान लख्ख, तर फोकस चुकलाय. चेहरा पुसट पण मागची भिंत स्वच्छ, तर माणूस हललाय. सगळी फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसली तरच कॅमेरा हललाय, आणि ट्रायपॉडचा उपयोग तेवढ्यापुरताच. समोरचा माणूस हसतो, बोलतो. त्याला १/२५० सेकंदाचा शटर वेग द्यावाच लागतो. त्या वेगाला ८५ मिमी लेन्स हातातही स्थिर राहते.

गिरगावचा_उजेड: फोकस का चुकतो, ते मात्र सांगितलं नाहीत. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमी, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ १.८, अंतर २ मीटर: शार्प पट्टा जेमतेम ६ सेंमीचा. उभ्याने फोटो काढणारा दोन-तीन सेंमी पुढेमागे सहज डोलतो. फोकस लॉक करून फ्रेम बदलली की पापणी गेलीच. ट्रायपॉडवर निदान आपल्या बाजूचं अंतर बांधलेलं राहतं. आता चाळीतली खोली घ्या, जुलैची दुपार, एकच खिडकी. हातात एफ २.८, १/२५०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) १६००. तेच ट्रायपॉडवर, माणसाला पाठ टेकवून बसवलं, तर १/६० आणि आयएसओ ४००. केसांचा आणि सुती कापडाचा पोत तिथेच वाचतो.

माटुंगेकर: १/६० ला माणूस बोलला की ओठ पुसले जातात, म्हणजे त्याला पुतळा करून बसवायचं. मला तो चेहराच नको. डोलण्याला उपाय आहे: सतत फोकस, आय-डिटेक्ट (कॅमेरा स्वतः डोळा शोधतो) चालू, कोपर बरगड्यांना टेकलेले, एक पाय पुढे, तीन फ्रेमची बर्स्ट, म्हणजे एका दाबात लागोपाठ तीन फोटो. बटण दाबतानाचा धक्का बहुतेकदा पहिल्या फ्रेमला बसतो. आणि मरीन ड्राइव्हच्या पावसाळी वाऱ्यात ट्रायपॉड थरथरतो, जुहूच्या ओल्या वाळूत त्याचे पाय खचतात.

गिरगावचा_उजेड: थरथरतो, कारण लोक मधला दांडा पूर्ण वर काढतात. आधी वरचे जाड पाय उघडा, दांडा खालीच ठेवा. बॅग टांगायचीच तर ती जमिनीला टेकलेली हवी. लोंबकळली की वाऱ्याने झुलते आणि कॅमेरा हलवते. वाळूत पाय आधीच दाबून रोवा, घरी आल्यावर पायांचे लॉक गोड्या पाण्याने धुवा. बर्स्टचं मान्य.

दुसरा_शटर: दोघांनीही दिवसाचाच उजेड धरलाय. संध्याकाळी हॉलमध्ये स्वस्त एलईडी असतील तर सायलेंट (आवाज न करणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक) शटरला १/२५० वर आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून १/१०० किंवा १/५० वर यावं लागतं. तिथे ८५ मिमी हातात धरणं काठावरचंच. मी मोनोपॉड, म्हणजे एकच पाय असलेला स्टँड, लावतो: उंची बांधली जाते, कोन बदलता येतो.

माटुंगेकर: मोनोपॉड पुढेमागे डोलतोच, त्यामुळे सतत फोकस तिथेही बंद करू नका.