फोर बाय फोरला स्वस्तातले मड टायर: घ्यावेत, असं माझं मत. खोडून काढा.

डोंगरवाट

गाडी थार, १६ इंची चाकं, म्हणजे २४५/७५ आर १६. मूळचे टायर टक्कल पडायच्या बेतात आहेत. स्टेपनी धरून पाच टायर घ्यायचे, बजेट ६० हजार. आठवडाभर गाडी पुण्यात, शनिवार-रविवार मुळशीतल्या शेतावर. पौडच्या पुढे बराच वेळ डांबरी रस्ता आहे, पण शेवटी दीडेक किलोमीटर पाणंद आणि तिच्यात एक वाईट चढ. दोन्ही बाजूंना भातखाचरं, त्यामुळे जून ते ऑक्टोबर वाट कोरडी अशी होतच नाही.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो, 'एटी घे'. ऑल-टेरेन टायर म्हणजे सगळीकडे थोडं थोडं चालणारा. माझा प्रश्न सगळीकडचा नाही, त्या चढाचा आहे. एटीच्या नक्षीतल्या फटी अरुंद असतात. आमची तांबडी माती त्यात एकदा बसली की निघत नाही आणि पुढच्या दहा फुटांत टायर गुळगुळीत होतो. मग नक्षी कसली होती ह्याला अर्थ उरत नाही. मड टायरच्या (एमटीच्या) ठोकळ्यांमध्ये मोठ्या फटी असतात, चाक फिरलं की माती फेकली जाते आणि ठोकळा पुन्हा उघडा पडतो. खांद्यावरचे ठोकळे चाकोरीच्या भिंतीला धरतात ते वेगळंच.

ही भूमिती आहे. म्हणून म्हणतो, महागड्या एमटीत जादा पैसे जातात ते रबराच्या कंपाउंडला (मिश्रणाला), कमी आवाजाला आणि टिकाऊपणाला. चिखलातलं काम स्वस्तातला एमटीही करतो. बीएफगुडरिच केएम-३ किंवा योकोहामा जिओलँडर एम/टी हे माझ्या ऐपतीबाहेर. मॅक्सिस बिगहॉर्न, कॉम्फोर्सर सीएफ-३००० ह्या वर्गातलं काही बसतंय का ते बघतोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेवढाच हातभार.

ब्रेकपेडल

धागाकर्त्यांनी स्वतःच्या विरुद्धचा मुद्दा स्वतःच लिहून ठेवलाय. 'पैसे वाचतात ते कंपाउंडचे.' अहो, ओल्या डांबरावर गाडी धरून ठेवतं ते कंपाउंडच!

हिशोब करा. शनिवारी पुण्याहून निघून शेतावर आणि रविवारी परत. त्यात चिखल जाऊन-येऊन तीन किलोमीटर. बाकी सगळा रस्ता डांबरी, आणि पावसाळ्यात ओला. एमटीच्या मोठ्या फटींमुळे रस्त्याला टेकणारं रबर मुळात कमी. ठोकळ्यांवर बारीक चिरा असतील तर पाण्याचा पातळ थर कापला जातो, पण स्वस्त एमटीत त्या नावापुरत्याच असतात. त्यात रबर टणक, का तर टायर जास्त चालला असं गिऱ्हाइकाला वाटावं म्हणून. ब्रेक मारल्यावर गाडी उशिरा थांबते.

चिखलात टायर हरला तर तुम्ही अडकता. ओल्या उतारावर हरला तर समोरचा स्कूटरवाला जातो.

डोंगरवाट

त्या रस्त्यावर मी पन्नासच्या वर जात नाही. आणि एमटी लावलेल्या गाड्या रोज घाट उतरतातच की.

ब्रेकपेडल

तुम्ही पन्नासने जाता. समोर वळणावर आडवी येणारी गुरं तुमचा वेग विचारून येत नाहीत. असो.

जिप्सीवाला

कोल्हापूरहून. धागाकर्त्यांशी सहमत, पण तुम्ही अजून महागातच खेळताय. माझ्या जिप्सीला रिमोल्ड आहेत. जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवीन रबर, मड टायरची नक्षी. नव्याच्या निम्म्यात काम झालं. मूळ २०५/७० आर १५ होते, आता २१५/७५ आर १५ लावलेत. व्यास साडेतीन सेंटीमीटर वाढला, म्हणजे पोट पावणेदोन सेंटीमीटर वर उचललं गेलं. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ला असते, तेवढं लक्षात ठेवायचं.

खरा मुद्दा वजनाचा. जिप्सी हजार किलोच्या आसपास. तिला अरुंद टायर द्या, वरचा राडा कापून खालच्या टणक जमिनीपर्यंत जातो आणि गाडी निघते. रुंद टायरचा सोस कशाला?

टायरकाका

नाना पेठेतला टायरचा धंदा, दुसरी पिढी. दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलतो.

जिप्सीवाले, रिमोल्ड तुमच्या गाडीला आणि तुमच्या वेगाला ठीक. थार माणसांसकट दोन टनांच्या घरात जाते आणि हे पुण्यात महामार्गावरही चालवणार. वर चढवलेलं रबर तापून सुटलं तर मडगार्ड फाडून बाहेर येतं. सांगाडा किती जुना, आतून कुठे मार लागलाय, हे बाहेरून कळत नाही. ट्रकच्या मागच्या जोडचाकात रिमोल्ड घालतात, पुढच्या चाकाला शहाणा मालक घालत नाही. त्यावरून काय ते समजा.

धागाकर्ते, स्वस्त एमटीत घोळ ब्रँडचा कमी आणि वयाचा जास्त. जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले. आयातीला परवाना लागू लागला, त्यामुळे पूर्वी बाजारात सहज येणारा परदेशी स्वस्त माल आटला. त्यातला काही अजून गोदामांत पडून असतो आणि 'खास ऑफर' म्हणून निघतो. टायरच्या कुशीवर 'DOT' अशी अक्षरं असलेली ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे, बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. २४२३ म्हणजे २०२३ चा २४ वा आठवडा. १४२० दिसला तर हात लावू नका, ठोकळे कितीही खोल असू देत. पडून पडून रबर टणक होतं, आणि ब्रेकपेडल म्हणतायत तो ओल्या रस्त्याचा त्रास दुप्पट होतो. आयएसआयची खूण आहे का तेही बघा.

आणखी एक. ह्या मापात लाइट ट्रक जातीचे दहा प्लायचे (प्लाय म्हणजे सांगाड्याच्या मजबुतीचा आकडा) एमटी मिळतात. भार निर्देशांक १२०, म्हणजे एका टायरवर १४०० किलो. गिऱ्हाईक म्हणतं, 'वा, मजबूत!' थारला १११ पुरतो, म्हणजे १०९० किलो. दहा प्लायचा टायर ह्या गाडीवर बैलगाडीसारखा आपटतो, आणि कुशी इतकी कडक असते की हवा कमी केली तरी तो जमिनीवर नीट पसरत नाही.

आंबोली_०७

शेवटी कुणीतरी हवेचं नाव काढलं! मला वाटलं होतं, अख्खा धागा संपेल आणि कुणी बोलणार नाही.

मी सावंतवाडीची. आमच्याकडे पाऊस मुळशीपेक्षा कमी नाही. जिमनीला साधे एटी आहेत. कच्च्या वाटेच्या तोंडाशी थांबायचं, ३० ची हवा १८ पीएसआयवर आणायची. टायरचा ठसा रुंदीत फारसा वाढत नाही, लांबीत वाढतो. त्यामुळे जास्त ठोकळे एकाच वेळी जमिनीला लागतात, शिवाय टायर वाकत राहिल्याने नक्षीतली मातीही सुटते. १५ च्या खाली जायचं नाही, वळताना टायर रिमवरून उतरू शकतो. परत डांबरावर आलं की कंप्रेसर लावून हवा पूर्ववत. एमटी आणि एटीच्या किमतीत जो फरक पडतो त्यात चांगला कंप्रेसर, ओढायचा पट्टा आणि तो अडकवायच्या दोन शॅकल (कड्या) येतात.

बहुतेक थारवाले ३२ च्या हवेवर चढाला भिडतात, घसरतात, आणि मग टायर बदलायच्या गोष्टी करतात. (जिमनीवाल्यांना टोमणे मारून झालेत तुमचे, आता ऐका.)

डोंगरवाट

ताई, हवा कमी करूनच जातो. २० वर. अर्ध्या चढापर्यंत एटी चांगला येतो, पुढे भरतो. तुमची जिमनी माझ्यापेक्षा कितीतरी हलकी, तेही धरा.

आणि तुमच्याकडे बऱ्याच ठिकाणी मातीखाली जांभा असतो. टायर खाली गेला की दगडाला टेकतो. माझ्या चढावर वरून खाचराचं पाणी पाझरतं, खाली टेकायला काही नाही.

आंबोली_०७

जांभ्यावर शेवाळ धरलं की काय होतं ते एकदा येऊन बघा, मग टेकण्याबद्दल बोलू. पण वजनाचा मुद्दा मान्य.

रेगूर

परभणी जिल्हा. तुम्ही लोक तांबड्या मातीवर भांडताय ह्याची गंमत वाटते.

आमच्या काळ्या रानात धागाकर्त्यांची भूमिती चालत नाही. ह्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि रबराला चिकटते. चाक जोरात फिरवून ती फेकायची म्हणजे वेग हवा, आणि वेग धरायला आधी पकड हवी! एमटी घातलेली पाहुण्यांची गाडी पावसात शेताकडे वळते, शंभर पावलांत मडगार्ड आणि टायरच्या मधे माती ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मोठ्या फटी म्हणजे जास्त माती उचलायची सोय. इथे सायकलवालासुद्धा काडी घेऊन चाक कोरत बसतो.

आमचा उपाय बिनपैशाचा. ऊन पडेपर्यंत थांबायचं. नाहीतर गाडी डांबरावर लावून चालत जायचं. काळ्या रानासाठी एमटी घेऊ नका, स्वस्त नको, महाग पण नको. मुळशीचं तुमचं तुम्ही बघा.

पाणंद

मी मुळशीतलाच, पण गाव सांगत नाही. घरचा ट्रॅक्टर आहे, भात आहे.

दादा, तुम्ही सगळे गाडी कशी निघेल ते बोलताय. वाटेचं काय होतं ते कोणी बोलंना. शनिवार-रविवारी मोठ्या ठोकळ्यांच्या गाड्या येतात, चढावर चाकं गरागरा फिरवतात आणि वाट खणून ठेवतात. सोमवारी त्याच चाकोरीत पाणी साठतं. आम्हाला दुधाची किटली घेऊन मोटरसायलीवर तिथनंच जायचंय. पोरं शाळेत तिथनंच जातात. तुम्ही म्हणता माती बाहेर फेकतो तो टायर चांगला. ती फेकलेली माती वाटेचीच असती ना!

चिखलणीला आम्ही ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतो. ती खाचरात. वाटेवर कोणी लावून चालवली तर गाव बोलतं.

६० हजार खर्चायचेच तर चढावर मुरूम टाका. खाली सोलिंग म्हणजे दगडांचा थर, वर मुरूम, आणि कडेनं पाणी काढून द्यायला चर. आम्ही अंगमेहनत करू, ट्रॉली माझी. मातोश्री ग्रामसमृद्धी पाणंद रस्ते योजना २०२१ पासून आहे, ग्रामपंचायतीकडनं ठराव करून मागता येतं. तुमच्यासारखा शेतवाला सह्यांना पुढं झाला तर काम लवकर हलंल.

ब्रेकपेडल

धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. उभे राहून टाळ्या.

डोंगरवाट

पाणंद दादा, मुरुमाला मी तयार आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पण ठराव होऊन काम व्हायला एक-दोन पावसाळे जातील हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि चाकं गरागरा फिरतात ती पकड नसते म्हणून. पकड असलेला टायर सावकाश चढून जातो, वाट कमी खणली जाते. एटी घालून चारदा प्रयत्न करणारा जास्त नुकसान करतो.

पाणंद

सावकाश चढणारा अजून तरी बघितला नाही. तुम्ही दाखवा.

जिप्सीवाला

मधला मार्ग सुचवू? मागे दोन एमटी, पुढे आहेत तेच एटी. खर्च निम्मा.

टायरकाका

नको! थारची फोर व्हील पार्ट-टाइम आहे, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मधे नाही. फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गिअरमध्ये) टाकलं की पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. मापाचा आकडा तोच असला तरी नव्या एमटीचा आणि झिजलेल्या एटीचा घेर सारखा नसतो. टणक जमिनीवर तो फरक ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) सोसते. शिवाय ओल्या उतारावर पुढची चाकं धरणार आणि मागची सुटणार, गाडी फिरायला अजून काय लागतं? घ्यायचे तर पाचही सारखे.

त्यापेक्षा दुसरा संच करा. आलॉय टाकणारी मंडळी मूळचे १६ इंची स्टील रिम काढून देतात, ते स्वस्तात मिळतात. त्यावर चार एमटी, फक्त पावसाळ्यापुरते. बाकी आठ महिने एटी. दोन्ही संच जास्त वर्षं टिकतील.

डोंगरवाट

हे पटतंय. जूनमध्ये चढवायचे, दिवाळीत उतरवायचे.

ब्रेकपेडल

काका, थंड देशांतला हिशोब तुम्ही इथे लावताय. तिथे हिवाळ्यात अख्खा रस्ता बदलतो, म्हणून टायर बदलतात. आपल्याकडे ज्या पावसाने तो चढ राडा होतो, त्याच पावसाने पुण्यापासूनचा सगळा डांबरी रस्ता ओला होतो. म्हणजे एमटी ओल्या रस्त्यावर सगळ्यात वाईट, आणि तुम्ही ते नेमके ओल्या चार महिन्यांत चढवायला सांगताय! उन्हाळ्यात एमटी घातले असते तर मी एक अक्षर बोललो नसतो.

टायरकाका

मुद्दा बिनतोड आहे. गिऱ्हाइकाला सांगणार नाही, पण आहे.

डोंगरवाट

म्हणून तर ह्या वर्षीच्या तारखेचे घेईन म्हणतोय, आणि चिरा असलेले. चारच टायर घ्यायचे झाले तर ६० हजारांत एक पायरी वरचा एमटी बसतो. एटी आत्ता घ्यायचे नाहीत, जुन्यांवर कोरडे महिने काढतो. काका, दहापेक्षा कमी प्लायचा, १११ ते ११५ भार निर्देशांकाचा, २०२५ नंतरचा काही आला तर कळवा. हवा चढाच्या तोंडाशी १८ वर आणीन, ताई.

ब्रेकपेडल

टक्कल पडायच्या बेतातले टायर 'कोरड्या महिन्यांसाठी' ठेवणार? नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्याने बाद. फोटो टाका, मग बोलू.

कोरा_कागद

वाचनखूण साठवली. अवांतर: माझी जिमनी १९५/८० आर १५, तिला २१५/७५ बसतील का?

आंबोली_०७

बसतात. व्यास जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. पण वेगळा धागा काढा, इथे आधीच चिखल झालाय.