खातं लागलं म्हणजे डीआरएम का?

प्रश्न:
काल भावाशी वाजलं. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातला एक जुना गेम मी अख्ख्या फोल्डरसकट पेनड्राइव्हवर घेतला आणि नेट नसलेल्या लॅपटॉपवर टाकला. तिथे स्टीमचं अ‍ॅप नाहीच, तरी गेम मुकाट सुरू झाला. म्हटलं, बघ, यात डीआरएम नाही, म्हणजे विकत घेणाऱ्यानेच गेम चालवावा म्हणून घातलेलं डिजिटल कुलूप नाही. तो म्हणे, डाउनलोड करायला खातं लागलं ना? मग तेच डीआरएम! मला नाही पटत. पैसे दिल्याशिवाय दुकानदार खोकं देत नाही, म्हणून खोक्याला कुलूप आहे असं होतं का?

उत्तर १:
तुमचं बरोबर आहे. स्टीमचं डीआरएम लावायचं की नाही, हे गेम बनवणाऱ्यावर असतं. २००४ चा हाफ-लाइफ २ मात्र डिस्कवर घेतला तरी स्टीमवर अ‍ॅक्टिव्हेट करावा लागायचा. ते खरं कुलूप. आणि कुलपं नेटच्याही आधीची. १९९० च्या मंकी आयलंड या गेमबरोबर पुठ्ठ्याची चकती यायची. तिच्यावर चाच्याचा चेहरा जुळवायचा, दिसेल ते साल टाइप करायचं, मग पुढे. चकती हरवली की बसा!

उत्तर २:
फोल्डर कॉपी करून काय कळतं? २०२१ मध्ये हिटमॅन हा गेम गॉग या ऑनलाइन दुकानात आला. डीआरएम नसलेले गेम विकणं हीच गॉगची ओळख. गेम ऑफलाइन सुरू व्हायचा, पण सर्व्हरशी जोडल्याशिवाय नवी शस्त्रं, खेळ जिथून सुरू करायचा त्या नव्या जागा उघडायच्या नाहीत. तेही एकट्याने खेळायच्या गेममध्ये. बोंबाबोंब झाली आणि गॉगने पुढच्याच महिन्यात तो काढला. हे काय मग?

प्रश्नकर्ता:
इथे मी अडकलो. दार सताड उघडं, आतली कपाटं बंद. याला मी डीआरएमच म्हणेन, बनवणाऱ्यांचा हेतू काही का असेना. मल्टिप्लेअरचं सोडा, समोर दुसरा खेळाडू हवा तर सर्व्हर आलाच.

उत्तर ३:
मग द क्रू हा गेम घ्या. एकट्याने खेळता यायचा, पण नेट सतत हवं. मार्च २०२४ अखेर सर्व्हर बंद झाले, आणि डिस्क विकत घेतलेल्यांकडे नुसती डिस्क उरली.

प्रश्नकर्ता:
तेही त्यातच. म्हणजे माझी कसोटी तोकडी होती. गेम सुरू होतो का, एवढं पुरत नाही. नेट काढून एकट्याचा खेळ शेवटपर्यंत जातो का, ते बघायला हवं. पेनड्राइव्हवरचा गेम सध्या तिसऱ्या लेव्हलला आहे. भावाला अजून काही बोललो नाही.