अंधांसाठी डिजिटल रेडिओ : आवाज चांगला, एवढंच पुरे?

रामबागकर : काल इथे कुणी लिहिलं, "अंधांना काय, आवाज चांगला असला की झालं. टचस्क्रीनवाला डिजिटल रेडिओ घ्या." मी जन्मांध आहे. साध्या रेडिओवर खरखर ऐकून मला कळतं, स्टेशन जवळ आलं की नाही, सेट कुठे वळवायचा. डिजिटलला सिग्नल तुटला की एकदम शांतता. सेल संपले, सेट बंद पडला की स्टेशन गेलं? उत्तर पडद्यावर, म्हणजे माझ्यासाठी कुठेच नाही. मला मेनू बोलून सांगणारा सेट हवा आणि हाताला लागणारी आकड्यांची बटणं, पाचावर टिंब असलेली. दुकानदार म्हणाला, "घरच्या कुणाला घेऊन या." का?

लोकमान्यनगर : इतकं कशाला? फोनवर आकाशवाणीचं ॲप, पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू. विषय संपला.

सुदामानगरची मावशी : कसा संपला? सासूबाईंची नजर गेलीय. फोनवर भजन रंगात आलं की कुणाचा तरी कॉल येतो, भजन थांबतं आणि त्या बसून राहतात. रेडिओचं बटण त्या स्वतः फिरवतात.

लोकमान्यनगर : सून असते ना घरात?

मावशी : सून नोकरीला जाते. आणि असली घरात, तरी त्यांनी भजनासाठी हाका मारत बसायचं? हे आपल्या आईसमोर बोलून बघा!

छावणीवाले : भिया, जरा सबुरीने. भाच्याने लंडनहून छान बोलणारा डॅब, म्हणजे तिकडच्या डिजिटल पद्धतीचा रेडिओ पाठवला. इथे त्यावर फक्त एफएम लागतं. आकाशवाणीने डीआरएम ही वेगळी डिजिटल पद्धत घेतली, तीही मुख्यतः मिडियम वेव्हवर. ब्रिटनमध्ये अंधांना रेडिओ देणारी संस्था १९२८ पासून आहे. आपल्याकडे दुकानदार डीआरएम म्हटलं की एफएमचा डबा पुढे करतो.

मावशी : रेडिओचं राहू द्या, आधी लोकमान्यनगरवाल्यांनी ते सुनेचं वाक्य मागे घ्यावं.

लोकमान्यनगर : घेतलं. म्हाताऱ्यांना बटणं हवीत, तेवढं मान्य. बाकीच्यांना फोनच बरा.

रामबागकर : मी म्हातारा नाही, बँकेत नोकरी करतो, टॉकबॅक दिवसभर वापरतो. तरी पहाटे अंथरुणातून हात लांबवून एक बटण दाबलं की बातम्या लागाव्यात, एवढंच मागतोय. कुणाकडे बोलणारा डीआरएम सेट असेल तर सांगा, मी येऊन हाताळून बघेन.